बंबाचं बिल

जुना वाडा दुरुस्तीला काढला की साताऱ्यात सल्ला द्यायला माणसं आपोआप जमतात. ज्यांनी स्वतःचा वाडा नुकताच दुरुस्त केलाय ते येतात, कारण आणखी कुणीतरी फसतंय हे बघून त्यांना जरा बरं वाटतं. ज्यांनी वाडा केव्हाच पाडून तिथं तीन मजली अपार्टमेंट उठवलं तेही येतात आणि "कशाला जुन्यात पैसा घालताय?" असं म्हणत दोनदा चहा पितात. फरशी कोटा की व्हिट्रिफाइड, जिना आतून की बाहेरून, यावर ही मंडळी झटपट मतं देऊन मोकळी होतात. पण अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं, एवढं कुणी विचारलं की बैठक रात्रीच्या जेवणापर्यंत उठत नाही.

याचं कारण आपल्या हवेत आहे. घर गरम करायचं ही आपली गरजच नव्हे. महाबळेश्वरातले साहेबाच्या काळचे बंगले सोडले तर भिंतीत धुराडं ठेवून बांधलेली बैठकीची खोली जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की ते पेपरात फोटोसकट येतं; खाली साताऱ्यात पारा दहा-बारावर उतरला की आम्ही कानटोपी घालून तो फोटो बघतो. सांगलीकर एवढ्यावरच आम्हाला थंड हवेच्या ठिकाणचे समजतात. तर ऊब म्हणजे काय, सकाळी पाठीवर पडणारे पहिले दोन तांबे. बाकी दिवसभर स्वेटर. परदेशात जुनं घर दुरुस्त करताना ज्या खर्चाने माणसाची झोप उडते, तो आमच्याकडे दोन बादल्यांत मावतो. भांडण मात्र अख्ख्या घराला पुरतं.

आमचा वाडा यादोगोपाळ पेठेत. दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती, मधे चौक, वर कौलं, मागे परस आणि परसात न्हाणी. भिंतींना ठिकठिकाणी भेगा. त्यांतली प्रत्येक भेग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पडली, असं अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं, ठाम म्हणणं. एक भेग तर गेल्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत पडली. अण्णांनी तीही भूकंपाच्याच खात्यावर टाकली. अण्णांचं वय एक्क्याऐंशी, आणि न्हाणीतला तांब्याचा बंब त्यांच्याहून थोरला.

ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं गरगरीत पोट, त्याच्या मधून आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे सोडायचे आणि खालून पेटवायचं. नळीच चूल आणि नळीच धुराडं. भोवतीचं पाणी तिच्या अंगाने तापतं. आमच्या बंबाला आणखी एक शिस्त होती. वरच्या तोंडातून तांब्याभर गार पाणी ओतलं की बाजूच्या तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर. जेवढं द्याल तेवढंच मिळेल, उधारी नाही. ज्या कुणा तांबटाने हे पहिल्यांदा घडवलं त्याला माझा मनापासून नमस्कार आहे. विजेवरची कुठलीच वस्तू इतकी स्वच्छ बोलत नाही.

अण्णांचा मुद्दा एका वाक्याचा होता. "बंब फुकट आहे. फुकटातलं सोडून विकतचं कशाला?"

म्हणून मी कागद घेऊन हिशोबाला बसलो. घरात माणसं सहा. माणशी वीस लिटरची एक बादली, थंडीतलं नळाचं पाणी वीस अंशांचं, अंगाला सोसवेल असं बेचाळीस. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे शाळेत शिकलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं. सहा अंघोळी म्हणजे २,६४० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६०. म्हणजे दिवसाला तीन युनिट, वाया जाणारं धरून साडेतीन, महिन्याला शंभराच्या थोडं वर. आता शंभर हा आकडा महावितरणच्या घरगुती बिलात फार महत्त्वाचा. पहिली शंभर युनिटं एका दराने, त्यापुढची तीनशेपर्यंतची जवळजवळ दुप्पट दराने. फ्रिज, पंखे, टीव्ही आणि अण्णांचा रेडिओ मिळून पहिलं शतक कधीच काढून बसलेले असतात, त्यामुळे गिझरच्या वाट्याला सगळी महागडी युनिटं येतात. सगळे आकार मिळून युनिट बारा रुपयांचं धरलं तर महिन्याच्या अंघोळी बाराशेच्या वर गेल्या.

"आणि वीज कुणाची?" अण्णा म्हणाले. "आपलीच!" यात तथ्य आहे. कोयनेचं धरण आमच्या पाटण तालुक्यात. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीच्या बाजूला उतरतं, तिथं वीज तयार होते, सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, आणि मग ती तारांवरून फिरत फिरत बिलासकट आमच्याकडे येते. अण्णांच्या मते हे म्हणजे घरच्या म्हशीचं दूध डेअरीला घालून संध्याकाळी पिशवीतून विकत आणणं.

गॅसचा आकडा बरा निघाला. किलोभर गॅसात अकरा हजारांच्या आसपास किलोकॅलरी. त्यातला ऐंशी टक्के भाग पाण्यात उतरतो असं धरलं तर दिवसाला तीनशे ग्रॅम, महिन्याला नऊ किलो. १४.२ किलोचा सिलिंडर नऊशेला धरा, पावणेसहाशे रुपयांत महिना निघतो.

मग बंब. वाळक्या लाकडाच्या किलोत साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात खऱ्या, पण बंबाची नळी त्यातल्या बऱ्याचशा अजिंक्यतारा किल्ल्याकडे पाठवून देते. अण्णांचा मान राखून पाव हिस्सा पाण्यात उतरतो असं मी लिहिलं. तरी दिवसाला पावणेतीन-तीन किलो लाकूड, महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी. वखारीत दहा रुपये किलो धरलं तर साडेआठशे. फुकटातला बंब गॅसच्या गिझरहून महाग! मी कागद अण्णांपुढे सरकवला.

"लाकूड विकत कोण घेतं?" अण्णा म्हणाले.

"मग?"

"शेतावरून येतं."

"कशातून?"

"टेंपोतून."

"टेंपोचं भाडं?"

"तो तसाही ज्वारी घेऊन येतच असतो."

"लाकूड फोडायला माणूस लागतो."

"त्याला आपण ज्वारी देतो."

अण्णांच्या हिशोबात पैसा कुठंच दिसत नाही. तो सतत दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूत शिरून बसलेला असतो. आणि यंदा तर अण्णांकडे हुकमाचा एक्काच होता. वाड्याची मागची पडवी उतरवली तेव्हा जुने वासे, आढी, फळ्या निघून परसात रचल्या होत्या. "पाच वर्षांचं जळण आहे," अण्णा त्या ढिगाकडे बघून म्हणाले. कंत्राटदाराने ऐकलं मात्र, त्याचा चेहरा उतरला. त्याने आधीच मोठ्या मनाने सांगून ठेवलं होतं की, "जुनं लाकूड राहू द्या मालक, ते मी माझ्या गाडीने उचलून नेतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही." ही उदारता मला जरा जास्तच वाटली म्हणून मी जुन्या लाकडाचा एक व्यापारी बोलावला. त्याने एका वाशावर तासणी मारली, आतला पिवळसर रंग बघितला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि घनफुटाचा भाव सांगितला. जुनं सागवान. त्या भावाने अण्णांची एकेक अंघोळ पंचतारांकित हॉटेलातल्या खोलीच्या भाड्याला भिडत होती. कंत्राटदाराने त्यानंतर लाकडाचा विषय काढला नाही. अण्णांनी मात्र "सागवानाचा जाळ चांगला लागतो" एवढं नोंदवून ठेवलं.

विजेच्या गिझरचं कोटेशन आलं तेव्हा जुन्या घराचा खरा स्वभाव कळला. कोटेशनात गिझर ठळक अक्षरात, सात हजार. खाली बारीक अक्षरात 'इतर', पंचवीस हजार. जुन्या घरात हे 'इतर' हेच मुख्य असतं. वायरिंग बघायला आलेला पोरगा माळ्यावर चढला आणि काम सोडून मोबाइलवर फोटो काढायला लागला. लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या वायरी, चिनी मातीचे फ्यूज, आणि अर्थिंगच्या नावाने एक तार खिडकीतून बाहेर जाऊन तुळशीवृंदावनामागे संपलेली.

"ही कशाला जोडलीय?" त्याने विचारलं.

"देवालाच," मी म्हणालो.

दोन किलोवॅटचा गिझर लावायचा तर मीटरपासून वेगळी जाड वायर, सोळा अँपिअरचा प्लग, गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी, आणि परसात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून खरीखुरी अर्थिंग. यातलं काहीही गाळण्यासारखं नव्हतं. ओल्या अंगाने ज्या वस्तूजवळ उभं राहायचं तिच्याशी काटकसर करू नये. शिवाय पाइप भिंतीच्या आतून न्यायचे ठरले होते. गवंड्याने चर मारायला छिन्नी लावली, चार बोटांवर पांढरी माती सुरू झाली आणि ती थांबेचना. दीड इंचाचा चर हवा होता, हात कोपरापर्यंत जाईल असा कोनाडा झाला. काकूंनी तिथं लगेच पणतीची जागा ठरवून टाकली. पाइप भिंतीवरून न्यावे लागले, त्याचे पैसे वेगळे, आणि कोनाडा नीट लिंपून घेतला त्याचेही वेगळे.

गॅसच्या गिझरबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तो हवा खातो. बंद न्हाणीत बसवला तर जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग, आणि आत गेलेलं माणूस कडी लावलेल्या दारामागे कोसळतं. अशा बातम्या आपल्याकडे येत असतात. म्हणून यंत्र बाहेर, उघड्या हवेत, आणि आत फक्त पाइप, यात तडजोड नाही. आमची जुनी न्हाणी या बाबतीत अत्यंत सुरक्षित होती. दाराखाली चार बोटांची फट, कौलांतून उन्हाचे कवडसे, आणि खिडकीला तावदान कधी नव्हतंच. कंत्राटदाराने नव्या आराखड्यात आधी हे सगळं बुजवलं आणि मग आमच्या काळजीपोटी एक एक्झॉस्ट फॅन सुचवला.

त्याचा स्वतःचा जीव सोलरवर. "सूर्याचं बिल येत नाही मालक," हे वाक्य तो इतक्या सफाईने म्हणे की त्याने ते छापून घेतलंय की काय अशी शंका यावी. आता सोलर दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. आणि साताऱ्यात, विशेषतः आमच्या जुन्या पेठांत, दक्षिणेला काय आहे, तर अजिंक्यतारा. शाहू महाराजांनी शहर किल्ल्याच्या पायथ्याशी वसवलं तेव्हा सोलरचा विचार झालेला दिसत नाही. दुपारचं ऊन सगळ्यांनाच मिळतं. पण डोंगराला जितकं खेटून घर, तितका हिवाळ्यातला सूर्य सकाळी उशिरा कामावर येतो. पावसाळ्यात तर चार महिने तो किल्ल्यासकट गायब असतो. आणि एप्रिलमध्ये, जेव्हा कुणाला गरम पाण्याचं नावही नको असतं, तेव्हा भर दुपारी नळातून वाफा.

बरं, दोनशे लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच दोनशे किलो, त्यावर स्टँड, नळ्या, सांगाडा. कौलांवर एक मांजर धावलं तरी आमच्याकडे दोन कौलं बदलावी लागतात. म्हणजे सोलरसाठी स्लॅब हवा, स्लॅबसाठी खांब, खांबासाठी पाया. चाळीस हजारांचा सोलर चार पायऱ्या उतरून जमिनीखाली गेला. वर टाकीपासून न्हाणीपर्यंत पाइपाचा पल्ला ऐंशी फूट. पाऊण इंची पाइपात तेवढ्यात साधारण सात लिटर पाणी मावतं. म्हणजे गरम पाणी येण्याआधी दर वेळी एक तृतीयांश बादली गार पाणी सोडून द्यायचं. ते कास तलावाचं पाणी. ज्यांच्याकडे कासचं पाणी येतं ते सातारकर ते सोडून देत नाहीत. कुणी सोडताना दिसला तर त्याच्या घरी मुलगी देत नाहीत.

"पाच-सहा वर्षांत पैसे वसूल," कंत्राटदार अण्णांना म्हणाला.

"कुणाचे?" अण्णांनी विचारलं.

कंत्राटदार गडबडला. पण संध्याकाळी राजवाड्याजवळ गोलबागेत अण्णा त्यांच्या मंडळींना सांगत होते, "सोलरवाल्याने मला सहा वर्षांची गॅरंटी दिलीय." तिथल्या दोघांनी कंत्राटदाराचा नंबर लिहून घेतला.

एवढ्यात माझा मेव्हणा सांगलीहून आला. सासुरवाडी तिथल्या गावभागातली. सातारकर माणूस यंत्राची किंमत विचारतो, गावभागातला माणूस यंत्र किती फुटांवर बसवलंय ते विचारतो. त्यांचा फूट जमिनीपासून मोजत नाहीत, आयर्विन पुलापासून मोजतात. १९२९ साली कृष्णेवर झालेला हा पूल सांगलीकरांची पुराची मोजपट्टी आहे. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. "दाजी, खर्च दोन प्रकारचा असतोय," मेव्हणा म्हणाला. "एक दुकानदार सांगतोय तो, आणि दुसरा कृष्णामाई सांगती तो." खालच्या मजल्यावरचा त्यांचा गिझर २०१९ ला पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर उघडला तर आतून काळा गाळ निघाला. सासूबाईंनी तो फेकू दिला नाही, कुंडीत घातला, आणि त्या वर्षीचा मोगरा अजून नावाजला जातो. आता गिझर माडीवर, त्याचा स्विच त्याहून वर, इतका की लावायला स्टूल लागतं.

मेव्हण्याचं दुसरं ज्ञान क्षारांचं. त्यांच्याकडे नळाचं पाणी नसेल तेव्हा बोअरचं, आणि बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरं साल चढतं, साल जाड झालं की तेच पाणी तापायला जास्त वेळ, जास्त युनिटं, आणि एक दिवस कॉइल खलास. सोलरच्या सपाट पत्र्याच्या प्रकारात तर बारीक तांब्याच्या नळ्याच बुजतात, म्हणून जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बरा. हा मुद्दा मला पटला आणि कोटेशनात कुठंच नव्हता. "आमचं पाणी कासचं आहे, मऊ," अण्णा म्हणाले, "ते लवकर तापतं." पाणी मऊ असो की जड, तापायला तितकंच तापवावं लागतं, हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मेव्हण्याला तासगावकडच्या त्याच्या द्राक्षबागेचं विचारायला लागलो. तिथं ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांचे भारेच्या भारे निघतात आणि सालगड्याच्या घरी चुलीला जातात. "बघा!" अण्णा म्हणाले. "फुकट!"

रविवारी लीड्सहून चुलतभावाचा, म्हणजे अण्णांच्या चिरंजीवांचा, व्हिडिओ कॉल असतो. त्यानेही तिकडे शंभर वर्षांपूर्वीचं, भिंतीला भिंत लागलेलं विटांचं घर घेतलंय आणि त्याची दुरुस्ती काढलीय. आमच्याकडे प्रश्न दोन बादल्यांचा, त्याच्याकडे अख्ख्या घराचा: गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवायचा. हे यंत्र ऊब तयार करत नाही, बाहेरच्या गारठ्यातून ओढून आत आणतं, त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम होतं. तिकडचं सरकार त्यासाठी साडेसात हजार पौंड अनुदान देतं. अण्णांनी रुपयांत आकडा काढला आणि त्यांना घाम फुटला. आमच्या जिल्ह्यात कुठलीही मोठी रक्कम जमिनीत मोजतात. "एवढ्यात फलटणला प्लॉट येतो," ते म्हणाले. "सरकार प्लॉटच का देत नाही?"

"बाबा, यंत्र नंतर," तो सांगत होता. "आधी घराची गळती मोजतात. कुठल्या खोलीतून किती ऊब जाते, खिडक्या किती, भिंती कशा, छपरात काय भरलंय. घर गळकं असेल तर कितीही भारी यंत्र लावा, पैसे रस्ता तापवण्यात जातात."

"आमच्या घराची गळती आम्ही दर जूनला मोजतो," अण्णा म्हणाले. "बादल्या मांडून."

पण मुद्दा बरोबर होता आणि तो मी उचलला. ऐंशी फुटांच्या उघड्या पाइपाला कापडाची चिंधीसुद्धा गुंडाळायचं कुणाच्या कोटेशनात नव्हतं. न्हाणी परसातून उचलून स्वयंपाकघराशेजारी आणली तर पाइप पंचवीस फुटांवर येत होता. यंत्र कुठलंही घ्या, ही एक भिंत हलवण्यात निम्मी बचत होती, आणि यात कुणालाच कमिशन नसल्यामुळे ती कुणी सुचवली नव्हती. "तुला दोन घोंगड्या पाठवू का? माणदेशी, चांगल्या जाड," अण्णा मुलाला विचारत होते. "घरात घालून बस. पंपाचे पैसे वाचतील."

हे सगळं चालू असताना काकू पलीकडे लसूण सोलत होत्या. त्या मधे बोलत नाहीत, लसूण संपला की बोलतात.

"हिशोब झाला?" त्यांनी विचारलं.

"झालाच," मी म्हणालो.

"त्यात पहाटे पाचला उठायचं किती लावलंय?"

मी कागद उलटसुलट करून पाहिला.

"कालची राख काढायची. ढलप्या बारीक करायच्या. पेटवायचं, पावसाळ्यात दोनदा पेटवायचं. सहा माणसांच्या अंघोळी होईस्तोवर जळण सारत राहायचं, पाणी भरत राहायचं. दर पंधरवड्याला चिंच लावून बाहेरून घासायचा, दिवाळीला जास्त घासायचा, कारण पाहुणे न्हाणीत जाऊन बंब बघतात. आणि मग शेवटी उरलेल्या कोमट पाण्याने आपली अंघोळ. हे कुठल्या रकान्यात आहे?"

"अगं, त्याला काय पैसे पडतात?" अण्णा म्हणाले. "ते तर तू करतेस."

लीड्समध्ये चिरंजीवांनी कपाळावर हात मारलेला दिसला. मेव्हण्याला अचानक बाहेर कुणालातरी फोन करायचा आठवला. मी निमूटपणे कागदावर लिहिलं: दिवसाला दीड तास, महिन्याला पंचेचाळीस. साताऱ्यात सकाळी लवकर येणाऱ्या कामवाल्या बाईंचा दर मला माहीत होता. त्या दराने बंब सगळ्यांत महाग ठरत होता, आणि पाचला कुठलीही बाई आली नसती ते निराळंच. पन्नास वर्षं आमच्या घरात गरम पाणी फुकट येत होतं ते असं. कोयनेच्या विजेचा हिशोब अण्णांना तोंडपाठ, हा मात्र कधी कुणी मांडलाच नव्हता, मीसुद्धा तीन इंधनांचे दर काढले त्यात नव्हता.

"बंब नको असं मी म्हणतच नाही," काकू लसणाची सालं गोळा करत म्हणाल्या. "राहू दे की. अहो, उद्यापासून तुम्ही पेटवा."

अण्णा मर्द मराठा गडी, आव्हान स्वीकारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे परसातून आधी खोकल्याचा आवाज आला, मग धूर. ढलप्या ओल्या होत्या. अण्णांनी रविवारची पुरवणी घातली, मग मुख्य अंक, मग जपून ठेवलेलं एक पंचांग. शेजारच्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरून "काय पेटलंय का?" अशी विचारणा झाली; "पेटत नाहीये" असं उत्तर गेलं. साडेआठला पाणी माणसाच्या अंगाइतकं तापलं होतं. त्यात विसण घालायची गरजच नव्हती. अण्णांनी ती अंघोळ केली, डोळे पुसत बाहेर आले आणि कंत्राटदाराला फोन लावला. "काय ओ, त्या सोलरचं काय झालं? तुम्ही लोक नुसतं बोलता, काम कुठंय?"

मग फार वेळ लागला नाही. न्हाणी स्वयंपाकघराला लागून आली, तिच्यावर छोटासा स्लॅब, स्लॅबवर काचेच्या नळ्यांचा सोलर, टाकीत पावसाळ्यासाठी विजेची कॉइल, पाइपांना काळं आवरण. सागवान विकून आलेल्या पैशांत स्लॅब बसला. बंबाला मोडीत चांगला भाव येत होता, पण काकूंनीच तो विकू दिला नाही. त्यात आता त्या तांदूळ ठेवतात. मधल्या नळीमुळे उंदीर गोंधळतो म्हणे. सोलरची कल्पना मुळात कुणाची, हे गोलबागेत तुम्ही अण्णांनाच विचारा.

आता अडचण एकच आहे. पाणी फुकट म्हटल्यावर अण्णा एका बादलीवर थांबत नाहीत. सकाळी दोन, संध्याकाळी पाय शेकायला अर्धी, आणि परवा त्यांनी गरम पाण्याने स्कूटर धुतली. वरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, ती भरते मोटर, आणि मोटर चालते शंभरावरच्या युनिटांवर. या महिन्याचं बिल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तर ते म्हणाले, "हे मोटरचं आहे, अंघोळीचं नाही." लीड्सला विचारलं तर चिरंजीवांनी एक तक्ता पाठवला, त्यात प्रत्येक बादली कुणी कधी घेतली ते भरायचंय. अण्णांनी तो काकूंना दाखवला. काकूंनी तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि पेन अण्णांच्या हातात दिलं.